नियम गणिताचे, आकडे विश्वाचे

गणित भौतिक विश्वाचे संपूर्ण वर्णन करू शकते का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की विश्वाचे नियम गणितात मांडता येतात, कदाचित सगळेच मांडता येतील. परंतु त्या नियमांत घालायचे आकडे गणित स्वतः पुरवत नाही, ते विश्वाकडूनच मोजून घ्यावे लागतात.

मुंबईत वाढल्यामुळे मला हे प्रथम समुद्राने शिकवले. आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून हा ठोकताळा जमतो. न्यूटनने १६८७ साली गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला तेव्हा त्यामागचे कारणही कळले आणि भरतीच्या मुख्य चांद्र घटकाचे, म्हणजे चंद्राच्या ओढीमुळे होणाऱ्या चढउताराचे, १२ तास २५ मिनिटांचे आवर्तन चंद्राच्या गतीवरून गणिताने काढता येऊ लागले. मात्र तो घटक मुंबईच्या अपोलो बंदरावर पाणी किती चढवील आणि चंद्र माथ्यावर आल्यानंतर किती वेळाने चढवील, हे खंभातच्या आखाताचा आकार, समुद्रतळाचा उथळपणा अशा स्थानिक गोष्टींवर अवलंबून असते. म्हणून तेथे १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदली गेली, आणि अशा नोंदींतून काढलेले आकडे सूत्रांत घातले तेव्हाच पुढील वर्षाच्या भरतीचे तक्ते आधी छापता येऊ लागले. हे गणिताचे मोठेच यश आहे, पण त्यातही अर्धा वाटा मोजणीचा आहे.

पावसाचे तसे नाही. हवेच्या प्रवाहाची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहेत, तरी २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरातील कुलाब्याला जेमतेम ७४. नियम दोन्हीकडे एकच होते. वेगळी होती ती त्या घटकेची हवेची स्थिती, आणि तिच्यातील अतिसूक्ष्म फरकही पुढे किती वाढत जातात हे हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झने १९६३ मध्ये दाखवले. तेव्हा वर्णन करता येणे आणि भाकीत करता येणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

या चर्चेत गोडेलच्या १९३१ च्या प्रमेयाचा दाखला हमखास दिला जातो. ते प्रमेय औपचारिक गणिती प्रणालींविषयी, म्हणजे ठरावीक गृहीतके आणि नियमांवर उभारलेल्या गणिताविषयी आहे: अशा पुरेशा समर्थ आणि विसंगतिरहित प्रणालीत काही विधाने सिद्धही करता येत नाहीत आणि खोडताही येत नाहीत. त्यावरून थेट विश्वाविषयी निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही.

मूलकण आणि त्यांच्यातील बले यांचे वर्णन करणाऱ्या प्रमाणित सिद्धांताचीही स्थिती भरतीसारखीच आहे: इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणधर्माविषयीचे त्याचे भाकीत दशांशाच्या दहाव्या स्थळापलीकडेही प्रयोगाशी जुळते, पण कणांची वस्तुमाने, बलांच्या तीव्रता इत्यादी मिळून सुमारे १९ आकडे त्यात बाहेरून घालावे लागतात. एक दिवस हेही आकडे शुद्ध तर्कातून निघतील, अशी आशा अनेकांना आहे, आणि तसे झाले तर मला मनापासून आनंद होईल. एडिंग्टनसारख्या थोर शास्त्रज्ञाने तसा प्रयत्न केलाही होता. विद्युतचुंबकीय बलाची तीव्रता सांगणाऱ्या स्थिरांकाचा व्यस्त (१ भागिले तो स्थिरांक) त्याने तर्काने नेमका १३६ ठरवला. प्रयोगातील मोजमाप १३७ च्या जवळ सरकल्यावर त्याने युक्तिवाद सुधारून १३७ सिद्ध केला. आज मोजलेली किंमत १३७.०३६ आहे.