वर्गखोली बांधायची की बाईंचं मानधन द्यायचं?

प्रश्न : ब्रिटनमध्ये नोकरी करतो. पेन्शनची कपात जाऊन वर्षाचा पगार ६२,००० पौंड. पत्नी सध्या घरी, एक मूल, चाइल्ड बेनिफिट (मुलासाठीचा सरकारी भत्ता) मिळतो. बचत ९,००० पौंड, महिन्याचा खर्च ३,०००, शिल्लक ४०० च्या आसपास. आफ्रिकेतल्या मलावीत गरीब मुलांच्या बालवाड्या चालवणाऱ्या इथल्या एका चॅरिटीला वर्गखोलीसाठी एकरकमी ६,००० पौंड द्यावेत का?

उत्तर : एकरकमी नकोत. घरात एकच पगार आहे आणि आत्ता तीन महिन्यांची तरतूद आहे. ती एका महिन्यावर येईल. बचतीला हात न लावता पगारातून दरमहा १०० पौंड द्या, पाच वर्षं. रक्कम तीच, फायदा मात्र जास्त.

वर्षाला १,२०० दिलेत की चॅरिटी गिफ्ट एडखाली (देणगीवर तुम्ही भरलेला कर संस्थेला देणारी योजना) सरकारकडून पौंडामागे २५ पेन्स घेते, म्हणजे तिच्या हाती १,५००. तुम्ही ४० टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने ३०० पौंड कर तुम्हाला परत मिळतो. शिवाय चाइल्ड बेनिफिटसाठी तुमच्या उत्पन्नातून हे १,५०० वजा होऊन ते ६०,५०० धरलं जातं. ६०,००० च्या वर दर २०० पौंडांमागे १ टक्का बेनिफिट परत करावा लागतो. आत्ता तुम्हाला १० टक्के परत करावे लागतात, ते २ टक्क्यांवर येतात. २०२५-२६ च्या दराने ही बचत साधारण १०८ पौंड, आणि दर वर्षी. एकरकमी दिलेत तर हा फायदा एकदाच, १३५ पौंडांचा.

यातलं काही आपोआप होत नाही. सेल्फ असेसमेंटमध्ये (स्वतः भरायचं कर विवरणपत्र) देणगी दाखवा किंवा एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याला, कळवून पगारातली करकपात ठरवणारा टॅक्स कोड बदलून घ्या. पावत्या जपा. आणि देणगी तुमच्याच नावाने जाऊ द्या. पत्नीने भरून गिफ्ट एडवर टिक केली आणि त्या वर्षी तिने तेवढा कर भरलेला नसला, तर फरक एचएमआरसी तिच्याकडून मागते.

आता वर्गखोलीचं. भिंती, पत्रे, पाटी दिसतात, म्हणून त्यासाठी पैसे पटकन जमतात. मलावीतल्या बऱ्याच गावच्या बालवाड्या मात्र बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावरच्या स्वयंसेविकांवर चालतात. डिसेंबर ते मार्च, घरातला मका संपत आला की त्या मजुरीला जातात. बालवाडीत मिळणारी मका-सोयाच्या पिठाची लापशी थांबली की मुलंही येईनाशी होतात. इमारत तिथेच असते, कुलूप लावलेली. म्हणून देणगी ‘फक्त बांधकामासाठी’ अशी बांधून देऊ नका. चालू खर्चाला वापरू द्या.

पहिला हप्ता लावण्याआधी चॅरिटींवर देखरेख ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत संस्थेचा क्रमांक टाकून हिशेब वेळेवर दाखल होतात का बघा. वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांची मुदत असते. मग संस्थेला विचारा : एका केंद्रातल्या बाईंचं वर्षाचं मानधन किती, ते कोण देतं, आणि फेब्रुवारीत रोज प्रत्यक्ष किती मुलं येतात? पटावरचा आकडा नको, हजेरीचा हवा. उत्तरादाखल नुसते फोटो आले, तर दुसरी संस्था शोधा.