गोष्ट वाचायची, पण कोणती आणि कधी?

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरच्या मराठी शाळेत मी दुसरीला शिकवते. जूनमध्ये वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेला, वॉकर घेऊन चालणारा मुलगा येतोय. तो बोलतोही सावकाश. पहिल्याच दिवशी अशा मुलावरची गोष्ट वाचून दाखवू का?

उत्तर : पहिल्या दिवशी नको. गोष्टीतही वॉकर आणि वर्गातही वॉकर म्हटल्यावर सगळ्या माना त्याच्याकडे वळतील. तो रुळेपर्यंत, निदान दोन-तीन आठवडे, श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीची किंवा पांढरी काठी वापरणाऱ्या मुलाची गोष्ट घ्या. त्याच्याबद्दल वर्गात काय सांगायचं, हे आधी त्याला आणि त्याच्या आईवडिलांना विचारा.

पुस्तक निवडताना शेवटचं पान आधी वाचा. मूल शेवटी ठणठणीत बरं होत असेल, किंवा कुणाचा जीव वाचवल्यावरच इतर मुलं त्याला खेळायला घेत असतील, तर ते पुस्तक बाजूला ठेवा. पहिल्यातून वर्ग शिकतो की आहे तसा तो आपल्यात बसत नाही. दुसऱ्यातून शिकतो की त्याला मैत्री कमवावी लागते. मग चित्रं बघा. ते मूल भांडतंय, खोड्या काढतंय, की पानोपानी नुसती मदत घेतंय? पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत पुस्तकं हातात घेऊन चाळा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं मोफत आहेत, ती प्रोजेक्टरवरही दाखवता येतात.

वाचन १५-२० मिनिटांचं, मध्ये दोनच थांबे. "त्याला कसं वाटत असेल?" विचारलंत की एका सुरात "वाईट!" येतं आणि विषय तिथेच संपतो. "या चित्रात त्याला कशानं अडवलंय?" असं विचारा. मुलं पायरी, अरुंद दार, चिखल दाखवू लागतात. दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेरची पायरी पट्टीनं मोजायला लावा. रॅम्पला १ : १२ उतार लागतो, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीला १८० सेंटिमीटर लांबी. ती खडूनं जमिनीवर आखा. मग मुलं पायांऐवजी पायरीबद्दल बोलतात.

डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचा खेळ मात्र कृपा करून घेऊ नका. पाच मिनिटांच्या अंधारात मुलं धडपडतात, घाबरतात आणि दृष्टिहीन माणूस रोज असाच घाबरलेला असतो असं समजतात. सवयीनं आलेलं कसब त्या खेळात दिसतच नाही.

दप्तर उचलायला रोजचे 'मदतनीस' नेमलेत, तर तो वर्गाचं बाळ होऊन बसेल. "मदत हवी का?" विचारायचं आणि "नको" म्हटलं की थांबायचं, याचा सराव सगळ्यांकडून जोडीजोडीनं करून घ्या. त्याचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही.

प्रश्न : माझी मुलगी वर्गातल्या, वॉकर घेऊन चालणाऱ्या मुलासमोरच मोठ्यानं विचारते, "हा असा का चालतो?" मी तिला गप्प करते. चुकतंय का? (पालक, कोथरूड)

उत्तर : हो. गप्प केलं की यात काहीतरी लाजिरवाणं आहे, एवढंच तिला कळतं. सांगा, "सगळ्यांचे पाय सारखे चालत नाहीत. त्याला वॉकर लागतो. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही." कारण सांगायचं की नाही, ते त्याचं तो ठरवेल. मधल्या सुट्टीत काय खेळायला आवडतं, हे मात्र तिनं त्याला जरूर विचारावं.