जुळ्यांचा नर आणला, तरी निम्म्या मेंढ्यांना एकेकच कोकरू का?

प्रश्न (माण तालुक्यातील एक मेंढपाळ): अडीच वर्षांपूर्वी जुळी देणाऱ्या 'नारी सुवर्णा' जातीचा नर चांगले पैसे मोजून आणला. पहिल्या वर्षी माझ्या दख्खनी मेंढ्यांना एकेकच कोकरू झालं. आता त्याच्या 11 मुली पहिल्यांदा व्याल्या. 5 जणींना जुळं, 6 जणींना एकेक. नर विकून टाकू का?

उत्तर: दादा, विकायची घाई करू नका. जुळं होणं हे मेंढीच्या अंगातल्या जनुकावर ठरतं, तिला लागलेल्या नरावर नाही. म्हणून पहिल्या वर्षी फरक दिसणारच नव्हता. नराचा गुण त्याच्या मुली व्यायल्यावर कळतो.

हे जनुक आलं सुंदरबनातल्या गरोल मेंढीकडून. जेमतेम 12 ते 15 किलोची ती मेंढी, पण जुळी-तिळी देते. 'नारी सुवर्णा' घडवताना फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनीशी पुन्हा पुन्हा संकर करून अंगलोट दख्खनीची ठेवली आणि जनुक तेवढं गरोलचं घेतलं. या जनुकामुळे एका माजात एकाऐवजी दोन बीजांडं सुटू शकतात.

नराकडे या जनुकाच्या दोन प्रती असतील तर प्रत्येक मुलीला एक प्रत मिळते. एकच असेल तर साधारण निम्म्या मुलींना. तुमच्या आकड्यांवरून मात्र यातलं काहीच ठरवता येत नाही, कारण जनुक असलेली मेंढीही दर वेताला जुळं देत नाही. पहिलटकरीण किंवा अंगानं उतरलेली असेल तर अनेकदा एकच देते. एकेक देणाऱ्या त्या 6 जणींना बाजार दाखवण्याआधी नराचं आणि सगळ्या मुलींचं रक्त तपासून घ्या. कुठे तपासायचं ते फलटणच्या संस्थेत विचारा. वाढीचं वजन अनेक जनुकांवर आणि चाऱ्यावर ठरतं, तिथे अशी एका थेंबाची चाचणी नाही. इथे आहे, तर ती वापरा.

हा नर त्याच्याच मुलींवर मात्र सोडू नका. बाप-लेकीच्या पैदाशीतली कोकरं अशक्त निघतात. शेजारच्या कळपाशी अदलाबदल करा.

मला जास्त काळजी जुळ्यातल्या दुसऱ्या कोकराची वाटते. संध्याकाळी वाड्यात बघा: एक कोकरू पोट टम्म होऊन झोपलेलं असतं, दुसरं कुडाला टेकून उभं, कुशी आत गेलेल्या, तोंड गार. त्याला व्यायल्यावर तासाभरात चीक मिळायलाच हवा; 2 किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात मिळून 200 ते 400 मिली. गाभण मेंढीला शेवटचे दीड महिने रोज 200 ते 300 ग्रॅम खुराक द्या. चराईला लांब फिरत असाल आणि कोकरं घोड्यावर न्यावी लागत असतील, तर जुळ्यांच्या मेंढ्या तेवढे दिवस घरीच ठेवा; ते जमत नसेल तर कळपात अशा मेंढ्या थोड्याच ठेवलेल्या बऱ्या.