कार लोनवर बायकोचं नाव घातलं तर तिचा क्रेडिट स्कोअर तयार होतो का?

प्रश्न : माझ्या एकट्याच्या नावावर कार लोन आहे. १८,००० डॉलर बाकी, व्याज साडेपाच टक्के, चार वर्षांचे हप्ते उरलेत. बायको नुकतीच एच-४ व्हिसावर (एच-१बीधारकाच्या जोडीदाराचा व्हिसा) अमेरिकेत आली आहे आणि तिची इथे क्रेडिट हिस्टरी शून्य आहे. या लोनवर तिचं नाव घालावं का?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : चालू लोनवर नुसतं नाव सहसा चढवता येत नाही. तिला सहकर्जदार करायचं तर दोघांच्या नावाने रिफायनान्स करावं लागतं, म्हणजे जुनं लोन फेडून नवं घ्यायचं. खरा खर्च तिथेच आहे. तिला उत्पन्न नाही, हिस्टरी नाही. त्यामुळे दर वाढू शकतो. समजा नवा दर साडेसात टक्के लागला, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४१९ वरून ४३५ डॉलरवर जातो आणि ४८ महिन्यांत जवळपास ८०० डॉलर जास्त मोजावे लागतात. शिवाय दोघांच्याही क्रेडिट रिपोर्टवर हार्ड इन्क्वायरी, म्हणजे कर्जासाठी चौकशी झाल्याची, स्कोअर थोडा खाली आणू शकणारी नोंद, पडते. केवळ स्कोअरसाठी चांगलं चाललेलं लोन मोडू नका.

गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, नाव घालणं ही वेगळी गोष्ट. त्याने मालकी मिळते, पण क्रेडिट रिपोर्टवर काहीच उमटत नाही. बरेच जण इथे फसतात.

तिच्यासाठी सोपा रस्ता क्रेडिट कार्डाचा आहे. तुमच्या सगळ्यात जुन्या, कधीही हप्ता न चुकलेल्या कार्डावर तिला ऑथराइज्ड यूजर करा, म्हणजे तुमच्याच खात्यावर तिच्या नावाचं जादा कार्ड घ्या. अशी सोय कार लोनमध्ये नसते. त्याआधी कार्ड कंपनीला एवढंच विचारा की ऑथराइज्ड यूजरची माहिती तुम्ही तिन्ही ब्युरोंना, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या कंपन्यांना, पाठवता का. कंपनी पाठवत नसेल तर कार्ड तिच्या पर्समध्ये असूनही हिस्टरी तयार होणार नाही. त्या कार्डावर मोठी बाकी असेल तर तीही तिच्या रिपोर्टवर येईल, म्हणून आधी ती खाली आणा.

एच-४ वर वर्क परमिट नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर साधारणपणे मिळत नाही. एकत्र टॅक्स रिटर्न भरताना डब्ल्यू-७ फॉर्म जोडून तिचा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांसाठीचा टॅक्स नंबर) काढा. काही बँका आणि क्रेडिट युनियन त्यावर सिक्युअर्ड कार्ड देतात; २०० ते ५०० डॉलर डिपॉझिट ठेवलं की साधारण तेवढीच लिमिट मिळते. हे कार्ड तिच्या स्वतःच्या नावावर हवंच, कारण निव्वळ तुमच्या कार्डाच्या आधाराने पुढचं कर्ज देताना बँका कचरतात. ३०० च्या लिमिटवर महिन्याला २०-२५ डॉलरचा खर्च पुरे. ब्युरोकडे सहसा स्टेटमेंटवरची बाकी जाते. त्यामुळे खर्च जास्त झाला तर स्टेटमेंट निघण्याआधीच थोडे पैसे भरून टाका. फिको स्कोअर (बँका सर्वात जास्त वापरतात तो क्रेडिट स्कोअर) निघायला किमान एक खातं सहा महिने जुनं लागतं, तोवर धीर धरा. पुढे सोशल सिक्युरिटी नंबर आला की तो प्रत्येक बँकेला कळवा, नाहीतर जुनी हिस्टरी नव्या नंबराला जोडली जात नाही.

प्रश्न : मग पुढची गाडी दोघांच्या नावावर घेतली तर?

उत्तर : जरूर घ्या, मात्र तिचा स्कोअर उभा राहिल्यावर आणि पहिल्या दिवसापासून सहकर्जदार म्हणून. दर विचारायचे असतील तर सगळे अर्ज १४ दिवसांत उरका. फिको त्या चौकश्या एकच धरतं.

सही करण्याआधी तिला हे नीट सांगा : कर्जाची जबाबदारी अर्धी-अर्धी नसते, दोघांवरही पूर्ण असते. हप्ता ३० दिवस थकला की दोघांच्याही रिपोर्टवर नोंद होऊ शकते आणि ती सात वर्षं राहते. उद्या तिने स्वतंत्र कर्ज मागितलं तर बँक सहसा पूर्ण हप्ता तिच्या खात्यावर धरते. घटस्फोट झाला आणि कोर्टाने लोन एकाच्या माथी टाकलं, तरी बँकेचा करार बदलत नाही. हप्ता चुकला तर दुसऱ्यालाही फोन येतो. म्हणून ऑटोपे लावा आणि त्या खात्यात एक हप्ता कायम शिल्लक ठेवा. दोन-तीन महिन्यांनी ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर तिचे तिन्ही रिपोर्ट फुकट काढून लोन दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर कराराची प्रत जोडून आधी लोन देणाऱ्या बँकेला लेखी कळवा. माहिती बँकेनेच ब्युरोला पाठवायची असते.