'सर्वाधिक पसंतीचा देश' खरंच पसंतीचा असतो का?

प्रश्न असा आलाय की 'मोस्ट फेवर्ड नेशन', म्हणजे बातम्यांमधला 'सर्वाधिक पसंतीचा देश', हा खास दर्जा असेल तर तो एकाच वेळी शंभराहून जास्त देशांना कसा काय मिळतो, आणि याला मराठीत बरा शब्द आहे का.

गोंधळ भाषांतराचा नाहीये, मूळ नावातच आहे. इथे कोणीच लाडकं नसतं. एखाद्या मालावर तुम्ही कुठल्याही एका देशाला सगळ्यात चांगली जी सवलत द्याल तीच करारातल्या बाकी सगळ्या सदस्य देशांनाही द्यायची, एवढाच अर्थ. १९४७च्या गॅट करारातलं, म्हणजे आयात शुल्क आणि व्यापाराबद्दलच्या बहुदेशीय करारातलं, हे पहिलंच कलम, आणि १९९५मध्ये जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा सेवा आणि बौद्धिक संपदेच्या करारांतही ते घेतलं गेलं. नावामुळे गैरसमज होतो म्हणून अमेरिकेने १९९८मध्ये आपल्या कायद्यात ते बदलून 'नॉर्मल ट्रेड रिलेशन्स' केलं.

पण नुसता अर्थ सांगून भागत नाही, कारण टीकाकारांचा मुद्दा या समानतेवरच आहे. हेच कलम ब्रिटनने १८४३मध्ये युद्धात हरलेल्या चीनकडून एकतर्फी लिहून घेतलं होतं, म्हणजे चीन दुसऱ्या कुणाला जे देईल ते ब्रिटनलाही, उलट दिशेने काही नाही. गॅटमध्ये ते सगळ्यांना लागू झालं खरं, पण कापड आणि तयार कपडे, जिथे गरीब देश खरोखर स्पर्धा करू शकत होते, तिथेच १९७४पासून मल्टी-फायबर करार करून श्रीमंत देशांनी देशवार कोटे लावले आणि ते पूर्ण जायला २००५ उजाडलं! मला तरी ही टीका सगळ्यात वजनदार वाटते, नियम चुकीचा होता असं ती म्हणत नाही, तो कुणासाठी बाजूला ठेवला गेला ते दाखवते.

एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण देणारे जे करार दोन देश करतात, त्या गुंतवणूक करारांत तर हे कलम अजून लांब गेलं. माफेझिनी विरुद्ध स्पेन या खटल्यात अर्जेंटिनाच्या गुंतवणूकदाराला स्पेन-अर्जेंटिना करारानुसार आधी १८ महिने स्पेनच्या कोर्टात जाणं भाग होतं, त्याने स्पेन-चिली करारातली, कोर्टात न जाता लवादाकडे जायची सोपी वाट या कलमाच्या आधारे मागितली आणि २०००मध्ये लवादाने ती मान्यही केली. त्यानंतर बऱ्याच देशांनी नव्या करारांत लिहून टाकलं की तंटा सोडवायच्या पद्धतीला हे कलम लागू नाही.

शब्द म्हणाल तर मी 'समान सवलतीचं कलम' म्हणेन. 'दर्जा' शब्द टाळा, त्यानेच बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं.