'शिल्प'मध्ये शिळा नाही

एका वाचकाने विचारलं आहे: फ्रेंच शिल्पकार रोदँने घडवलेल्या 'बाल्झाक'ला, म्हणजे त्या नावाच्या फ्रेंच कादंबरीकाराच्या प्रतिमेला, मराठीत पुतळा म्हणावं की शिल्प? जोडीला शंका अशी, की 'शिल्प' शिळेवरून आला असेल तर विसाव्या शतकातल्या लोखंडी, जोडकामाच्या कलाकृतींना तो कसा चालेल?

ही शिळेची व्युत्पत्ती ऐकून ऐकून मी वैतागलो आहे. प्रदर्शनाच्या पत्रकात तीच, व्याख्यानात तीच, आणि चांगली जाणती मंडळीही ती ठासून सांगतात. दोन शब्दांत 'शिल' एवढा आवाज सारखा आहे, यापलीकडे आधार काय? जुने वैयाकरणसुद्धा 'शिल्प'साठी 'शील्' धातूकडे जातात, शिळेकडे नाही. 'पुतळा' पुत्तल म्हणजे बाहुलीवरून आला, 'मूर्ती' म्हणजे थिजून घट्ट झालेलं. हे कोशात मिळेल.

त्यापेक्षा ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथाची सहावी पंचिका, म्हणजे सहावा भाग, उघडा. तिथे 'शिल्पानि शंसन्ति' असं येतं. शिल्पं म्हणतात, मुखाने! कारण तिथली शिल्पं म्हणजे सूक्तं. लगेच पुढे माणसाच्या हातच्या शिल्पांची यादी आहे: हत्ती, काशाचं भांडं, वस्त्र, सोनं, खेचरांचा रथ. दगडाचं नाव नाही. आणि मग ते अप्रतिम वाक्य, 'आत्मसंस्कृतिर्वाव शिल्पानि': शिल्पं म्हणजे स्वतःवरचा संस्कार. यजुर्वेदात 'शिल्प' हे विशेषण रंगीबेरंगी, चित्रविचित्र अशा अर्थाने येतं. माझं मत असं, की प्रवास इथूनच झाला: आधी नक्षीदार, मग नक्षी करण्याचं कसब, मग कसबाने घडलेली कुठलीही वस्तू. 'संविधानाचे शिल्पकार' ही दगडावरून घेतलेली उपमा आहे असं जे शिकवतात त्यांनी हे वाचावं. तो वापर मूळ अर्थाच्या जास्त जवळचा आहे.

आता काशाच्या भांड्याकडे परत या. 1926 मध्ये शिल्पकार ब्रांकूशीचा 'बर्ड इन स्पेस' पॅरिसहून न्यूयॉर्कला पोचला. झळझळीत ब्राँझचा उभा, निमुळता आकार. चोच नाही, पंख नाहीत. कलाकृतीला जकात माफ होती. पण जकात अधिकाऱ्यांनी तो स्वयंपाकाच्या आणि इस्पितळाच्या सामानात घातला आणि 40 टक्के जकात लावली. त्यांच्या बाजूला 1916 चा एक निवाडा होता: 'स्कल्प्चर' म्हणजे निसर्गातल्या वस्तूंची, मुख्यतः मानवी देहाची, प्रतिकृती. खटल्यात साक्षीदाराला विचारलं गेलं की हा पक्षी रानात दिसला असता तर गोळी झाडली असती का. 1928 मध्ये निकाल ब्रांकूशीच्या बाजूने लागला. अमूर्त कल्पना साकारणारा नवा कलापंथ अस्तित्वात आहे, हे न्यायालयाने मान्य केलं.

पूर्ण खटला एका शब्दावर चालला. तो लॅटिन शब्दच मुळात अरुंद, 'कोरणे' या क्रियापदातून निघालेला. ओतलेलं ब्राँझ त्यात कसंबसं बसवलेलं. आमच्या शब्दाच्या यादीत काशाचं भांडं पहिल्यापासून मानाने बसलं आहे! पुढे त्या अरुंद शब्दाची आणखी ओढाताण झाली. स्पॅनिश शिल्पकार खुलिओ गोन्सालेस 1918 मध्ये पॅरिसजवळच्या रेनॉ कारखान्यात वेल्डिंग शिकला आणि दहा वर्षांनी पिकासोबरोबर त्याच हाताने लोखंडी आकृत्या जोडू लागला. महायुद्धाने, कारखान्याने छिन्नीच्या जागी गॅसची ज्योत दिली. त्या कामात कोरणं औषधालाही नाही. 'शिल्प' मात्र जराही ताणावा लागत नाही, म्हणून लोखंडाला तो खुशाल वापरा. 'अमूर्त शिल्प' म्हणा. 'अमूर्त मूर्ती' मात्र नको, कारण त्यात शब्द स्वतःलाच खोडतो.

'बाल्झाक' राहिलाच. तो पुतळाही आहे आणि शिल्पही. पुतळा, कारण एका लेखकसंस्थेने 1891 मध्ये स्मारक म्हणूनच तो रोदँकडे मागितला. त्या काळी फ्रेंच प्रजासत्ताक राजांच्या जागी लेखक, वैज्ञानिक, पुढारी चौकाचौकांत उभे करत होतं. 1898 मध्ये झग्यात गुंडाळलेला, मान मागे टाकलेला तो प्लास्टरचा बाल्झाक पाहून संस्थेने नाकारला. त्यांना पुतळा हवा होता, रोदँने शिल्प दिलं. पॅरिसच्या रस्त्यावर तो ब्राँझमध्ये उभा राहायला 1939 उजाडलं.