वाचक विचारतात: शाळेच्या भिंतीवरचं कर्ज नक्की कुणाचं?

प्रश्न: सर नमस्कार. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांवर अजून पुसट अक्षरात डीपीईपी लिहिलेलं दिसतं. मी तिथंच शिकलो, आता पोरगी दुसरीत आहे. परवा पारावर एकजण म्हणाला, ह्या खोल्या जागतिक बँकेच्या कर्जाच्या आहेत आणि ते कर्ज गावाच्या डोक्यावर आहे. खरं आहे का हे? आणि आमच्याच जिल्ह्याला कर्ज का दिलं?
– एक पालक

उत्तर: दादा, गावाच्या डोक्यावर एक रुपयाही नाही, आधी ती काळजी काढून टाका. डीपीईपी म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, 1994 ला सुरू झाला. खर्चाचे 85 टक्के केंद्र देणार आणि 15 टक्के राज्य. केंद्राने आपला वाटा बाहेरून उभा केला, आपल्याकडे तो जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जातून आला, पण राज्याला देताना अनुदान म्हणून दिला. म्हणजे फेड दिल्लीच्या तिजोरीतून. ती तिजोरी आपल्याच करातून भरते हे खरं, म्हणून हिशोब मागायचा हक्क आपला आहे, पण कर्जदार गाव नाही. तेव्हा ह्या कर्जाला व्याज नव्हतं, पाऊण टक्का सेवाशुल्क होतं आणि मुदत 35 वर्षांची.

तुमचाच जिल्हा का, तर निवडीची मुख्य अट होती की जिल्ह्यातली स्त्री साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी पाहिजे. 1991 च्या जनगणनेत ती सरासरीच 39.29 टक्के होती, त्याच्याही खाली आपण! पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून लातूर, नांदेड, परभणी, तेव्हाचं उस्मानाबाद आणि औरंगाबाद हे पाच जिल्हे घेतले, सगळे मराठवाड्यातले. अजून एक सांगतो, आपल्या भागात लोक हमखास गल्लत करतात. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप झाला त्यानंतरच्या पुनर्वसनालाही जागतिक बँकेचंच कर्ज होतं, ती योजना वेगळी, तिच्यातही शाळा बांधल्या गेल्या. तुमच्या खोल्यांवर डीपीईपी लिहिलंय म्हणजे त्या शिक्षणाच्या पैशातल्या.

आणि सगळा पैसा खोल्यांवर गेला असंही नाही, बांधकामाला सुरुवातीला 24 टक्क्यांची मर्यादाच होती. बाकीचा पैसा शिक्षकांच्या ट्रेनिंगवर, गट साधन केंद्रांवर (तालुक्याच्या पातळीवर शिक्षकांना मदत आणि ट्रेनिंग देणारी केंद्रं), पुस्तकांवर. शाळेला वर्षाला 2000 रुपये आणि प्रत्येक शिक्षकाला 500 रुपये, शैक्षणिक साहित्य करायला. मी तेव्हा ह्याच जिल्ह्यात दुशिक्षकी शाळेवर होतो. आयुष्यात पहिल्यांदा खर्चायला पैसे हातात आले, आम्ही पुठ्ठे आणले, चिंचोके गोळा केले, बाराखडीची कार्डं रात्री कंदिलाच्या उजेडात कापली, पोरं त्या कार्डांवर तुटून पडायची. पण पुढच्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं की 40 कार्डं होती ती 36 कशी झाली, डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या वहीत, नोंद दाखवा. त्या दिवसापासून आमच्या हेडसरांनी सगळं साहित्य लोखंडी पेटीत घातलं आणि कुलूप लावलं. पोरं पेटीकडे बघत बसायची. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण पैसा शाळेपर्यंत पोचला होता, वर्गापर्यंत पोचला होता, अडला तो पोरांच्या हातापासून चार फुटांवर.

प्रश्न: मी गडचिरोलीत दुर्गम भागात शिक्षिका आहे. दोन वर्ग, मी एकटी. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या स्टार्स ह्या शिक्षण प्रकल्पातून पॅटच्या, म्हणजे ठरावीक काळाने घ्यायच्या मूल्यांकनाच्या, चाचण्या येतात, पायाभूत, संकलित एक, संकलित दोन, मग गुण ऑनलाइन भरा आणि नेटवर्क तर नसतंच. एवढं कर्ज काढून परीक्षाच का घेतात?

उत्तर: ताई, तुमचा वैताग अगदी बरोबर आहे, पण ह्याच्यामागचं गणित समजून घ्या. स्टार्सला जागतिक बँकेने जून 2020 मध्ये 50 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, सहा राज्यं त्यात घेतली आणि महाराष्ट्र त्यातलं एक, एकूण प्रकल्प 5718 कोटींचा. हे डीपीईपीसारखं नाही. इथं मुख्य पैसा निकालाला बांधलेला आहे, ठरलेली कामं झाली, पोरांचं वाचन गणित सुधारलं असं दिसलं की हप्ता सुटतो. मग दाखवायचं कसं, तर मोजून, म्हणून मोजमापाचा एवढा आग्रह. मोजायला माझा विरोध नाही, तिसरीतल्या पोराला वाचता येत नाही हे कुणीतरी कागदावर आणायलाच पाहिजे, नाहीतर वर्षानुवर्षं पोरं पुढं ढकलली जातात. पण तुम्ही एकट्या दोन वर्ग बघताय आणि पेपर तपासून गुण भरण्यात शिकवायचे दिवस जातात, तिथं जास्तीचा शिक्षक हाच खरा सुधार आहे. आणि शिक्षकाचा पगार ही राज्याची कायमची जबाबदारी, प्रकल्पाचं कर्ज काही वर्षांत संपतं, त्याच्या भरवशावर भरती होत नसते. त्यामुळे जागेची मागणी बँकेच्या योजनेत शोधू नका, ती राज्याकडे लेखी करा, पटाच्या आकड्यासकट, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून.

प्रश्न: मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, पण मीटिंग होत नाही, रजिस्टर घरी येतं आणि सही घेतात. शाळेला किती पैसे येतात हे मी विचारू शकते का?
– एक आई, बीड जिल्हा

उत्तर: विचारायलाच पाहिजे! शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ह्या समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका असतात, त्या फक्त सहीपुरत्या नाहीत. समग्र शिक्षा ह्या केंद्राच्या योजनेतून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त अनुदान मिळतं, पट 31 ते 100 असेल तर वर्षाला 25 हजारांपर्यंत, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. पुढच्या वेळी रजिस्टर घरी आलं की सही करू नका, म्हणा मी शाळेत येते, पासबुक आणि कॅशबुक काढून ठेवा. एकटीला अवघड वाटलं तर शेजारच्या दोघी आयांना सोबत घ्या. आणि गेलात की आधी मुलींच्या संडासात नळाला पाणी येतंय का बघा, मग पासबुक उघडा.